डोळ्यांनी पाहिलेले : प्रत्यक्षदर्शी साक्षीचे मोल

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि शासकीय अधिकारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

कान आणि डोळा यांत चार बोटांचे अंतर असते, असे मराठी मुलखातील जुनी माणसे सांगत आली आहेत. अंतर मोजून चार बोटांचे. पण त्या चार बोटांत एखाद्याचे घरदार, शेतीवाडी आणि प्रसंगी प्राणही अडकलेले असतात. न्यायदानाच्या कामी हे अंतर फार पूर्वीच ओळखले गेले होते. 'साक्षी' हा शब्दच मुळी 'साक्षात् पाहणारा' या अर्थी पाणिनीने सिद्ध करून ठेवला आहे. याज्ञवल्क्य स्मृतीने लेख, भोग आणि साक्षी ही पुराव्याची तीन साधने सांगितली, आणि यांपैकी एकही नसेल तरच दिव्याकडे वळावे असे म्हटले. मराठेशाहीतील गोतसभांच्या निवाड्यांतही हाच क्रम दिसतो. कागदपत्राने आणि साक्षीने वाद मिटला नाही, तर वतनाचा दावा सांगणाऱ्याला रवादिव्य करावे लागे, म्हणजे तापलेल्या तेलातुपातून धातूचा तुकडा हाताने बाहेर काढावा लागे, आणि मग हात पोळला की नाही यावरून खरेखोटे ठरे. खरे सांगणारा साक्षीदार मिळाला नाही म्हणजे माणसाच्या हातावर काय प्रसंग येई, हे ध्यानात घेतले की साक्षीची किंमत वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

आधुनिक काळात या विषयाचे शास्त्र बांधले गेले ते १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाने. जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी तयार केलेला हा कायदा जवळजवळ दीडशे वर्षे टिकला. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ याने घेतली. तथापि साक्षीविषयीची मूळ तत्त्वे नव्या कायद्यातही कायम आहेत. जुन्या कायद्याच्या कलम ६० मध्ये तोंडी पुरावा थेट असला पाहिजे असे सांगितले होते. गोष्ट पाहण्याची असेल तर ती पाहणाऱ्यानेच सांगावी, ऐकण्याची असेल तर ऐकणाऱ्याने. 'गावात सगळे म्हणतात' हे वाक्य चावडीवर चालते, न्यायालयात चालत नाही. याला अपवाद आहेत, आणि त्यांतला मोठा अपवाद मृत्युपूर्व जबाबाचा. पण तेथेही कारण हेच की, ज्याने पाहिले तो आता उभा राहून सांगू शकत नाही.

आता एक गैरसमज. गावोगाव असे समजले जाते की, खटला शाबीत व्हायचा तर निदान दोन-तीन साक्षीदार हवेत. एकट्यादुकट्याच्या बोलण्याला कोण विचारतो! याज्ञवल्क्यानेही सामान्यतः किमान तीन साक्षीदार मागितले होते, जरी दोन्ही पक्षांना मान्य असा धर्मज्ञ एकटा असला तरी चालेल अशी सवलत त्याने ठेवली होती. आजचा कायदा संख्या मागतच नाही. १८७२ च्या कायद्यातील कलम १३४ ने कोणतीही गोष्ट शाबीत करण्यासाठी साक्षीदारांची ठरावीक संख्या आवश्यक नाही असे स्पष्ट केले होते, आणि १९५७ साली वडिवेलू थेवर यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ उलगडून सांगितला. न्यायालयाच्या मते साक्षीदार तीन प्रकारचे असतात : पूर्ण विश्वसनीय, पूर्ण अविश्वसनीय आणि या दोहोंच्या मधले. पहिल्या प्रकारचा एक पुरेसा आहे. दुसऱ्या प्रकारचे शंभर आणले तरी उपयोग नाही. तिसऱ्या प्रकारचा असेल तेथे मात्र दुसऱ्या काही पुराव्याचा टेकू शोधावा लागतो. साक्षी मोजावयाच्या नसतात, तोलावयाच्या असतात. हे तत्त्व नसते तर माळावर एकट्या गुराख्याच्या डोळ्यांदेखत झालेला खून आणि चार भिंतींआड एका स्त्रीवर झालेला अत्याचार, हे दोन्ही कायमचे पचून गेले असते.

परंतु तोलावयाचे म्हटले की तराजू आला, आणि तराजूला दोन पारडी असतात. प्रत्यक्षदर्शी साक्षीदार खोटे बोलत असेल तर उलटतपासणीत तो बहुधा सापडतो. निष्णात वकिलाचा तो रोजचाच उद्योग आहे. खरी अडचण वेगळी आहे. साक्षीदार मनापासून खरे बोलत असतो, कोणाशी त्याचे वैर नसते, शपथेची त्याला चाड असते, आणि तरीही तो चुकलेला असतो. अशा साक्षीदाराला उलटतपासणीचा फारसा धाक नसतो, कारण तो काहीच लपवीत नसतो. त्याच्या स्वरातला ठामपणा ऐकणाऱ्याला पटतो. न्यायाच्या इतिहासात निरपराधांचा घात लबाड साक्षीदारांनी जितका केला असेल, तितकाच अशा प्रामाणिक साक्षीदारांनीही केला आहे.

इंग्लंडमधील अॅडॉल्फ बेक याची कथा या बाबतीत आजही डोळे उघडणारी आहे. हा मूळचा नॉर्वेचा. १८९५ च्या डिसेंबरात लंडनच्या व्हिक्टोरिया स्ट्रीटवर एका स्त्रीने त्याला अडविले, आणि उमराव असल्याची बतावणी करून आपले दागिने लुबाडणारा भामटा हाच, असा आरोप केला. त्याच तऱ्हेने फसविल्या गेलेल्या आणखी अनेक स्त्रिया पुढे आल्या आणि एकीमागून एक त्यांनी बेककडे बोट दाखविले. ओळख पटविण्यासाठी ज्या रांगेत त्याला उभे केले, तीत पांढरे केस आणि मिशा असलेला तो एकटाच होता असे सांगतात. १८७७ साली अशाच गुन्ह्याबद्दल जॉन स्मिथ या नावाने एकाला शिक्षा झाली होती. त्याला पकडणाऱ्या पोलिसानेही, तो स्मिथ म्हणजेच हा बेक, असे छातीठोकपणे सांगितले. १८७७ मध्ये आपण दक्षिण अमेरिकेत होतो हे दाखवून देण्याची बेकची तयारी होती. पण खटला जुन्या गुन्ह्याचा नाही या तांत्रिक मुद्द्यावर न्यायाधीशांनी तो भाग पुढे येऊ दिला नाही. सात वर्षांची सक्तमजुरी झाली.

यापुढचा भाग शासनयंत्रणेतल्या प्रत्येकाने मन लावून वाचण्यासारखा आहे. १८९८ मध्ये तुरुंगाच्या जुन्या नोंदी पाहताना असे आढळले की, १८७७ च्या कैद्याची सुंता झालेली होती आणि बेकची झालेली नव्हती. म्हणजे दोन माणसे एक असणे अशक्य होते. यावर काय करण्यात आले? बेकचा कैदी क्रमांक बदलण्यात आला, म्हणजे 'पूर्वी शिक्षा झालेला' हा शिक्का तेवढा पुसला गेला. माणूस आतच राहिला. १९०१ मध्ये तो सुटला आणि १९०४ मध्ये त्याच आरोपावरून पुन्हा धरला गेला. पुन्हा स्त्रियांनी त्याला ओळखले, पुन्हा पंचमंडळाने दोषी ठरविले. या खेपेस न्यायाधीशांच्या मनात काही खुपत होते. त्यांनी शिक्षा सुनावणे लांबणीवर टाकले. इतक्यात थोड्याच दिवसांत खरा भामटा अंगठ्या गहाण टाकताना पकडला गेला. बेक कोठडीत असतानाही तेच उद्योग चालू होते! साक्षीदार स्त्रियांना त्या माणसासमोर उभे केल्यावर त्यांनी आपली चूक कबूल केली. बेकला माफी आणि पाच हजार पौंड भरपाई मिळाली, आणि या प्रकरणाने इंग्लंड इतके हादरले की १९०७ मध्ये तेथे फौजदारी अपिलांसाठी स्वतंत्र न्यायालय स्थापन करण्याचा कायदा झाला. भरपाई मिळूनही बेक १९०९ मध्ये हलाखीतच वारला.

त्या स्त्रिया खोटारड्या नव्हत्या. फसवणूक खरी होती, संताप खरा होता, दोघांच्या रूपात साम्यही होते. एकीने ओळखले म्हणून दुसरीचा संशय बळावला, आणि रांगच अशी लावली गेली की बोट दुसरीकडे जाऊ नये. दहा साक्षीदार एकाच चुकीत सापडले तर ती दहा साक्षींची बळकटी नव्हे. ती एकच चूक दहा वेळा लिहिली गेली एवढेच.

बेकच्या काळी खऱ्या-खोट्याचा निर्णय नशिबाने लागला. आता रक्ताच्या वा शरीरद्रव्याच्या डीएनए तपासणीने तो प्रयोगशाळेत लागू शकतो. अमेरिकेत अशा तपासणीमुळे निर्दोष ठरलेल्या पहिल्या २५० कैद्यांच्या प्रकरणांचा अभ्यास ब्रँडन गॅरेट या कायद्याच्या प्राध्यापकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांपैकी १९० प्रकरणांत प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने चुकीच्या माणसाला ओळखले होते. या आकड्यावरून प्रत्यक्षदर्शी साक्ष टाकाऊ असा निष्कर्ष कोणी काढू नये, कारण साक्ष बरोबर ठरलेली प्रकरणे या यादीत येतच नाहीत. मात्र अनोळखी चेहरा क्षणभर पाहून पुढे महिन्यांनी ओळखणे ही मनुष्याच्या कुवतीच्या कडेला असलेली गोष्ट आहे, हे मान्य केले पाहिजे.

स्मृती म्हणजे पेटीत ठेवलेले वस्त्र नव्हे, की केव्हाही काढावे आणि घडी जशीच्या तशी मिळावी. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि त्यांचे सहकारी जॉन पामर यांनी १९७४ मध्ये केलेला प्रयोग साधा आहे. विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताचे छोटे चित्रपट दाखविले आणि मग गाड्यांचा वेग विचारला. काहींना विचारले, 'गाड्या एकमेकींवर आदळल्या तेव्हा वेग किती होता?' काहींना त्याच जागी 'लागल्या' असा सौम्य शब्द घातला. 'आदळल्या' ऐकणाऱ्यांनी सरासरी ताशी सुमारे ४१ मैल सांगितले, 'लागल्या' ऐकणाऱ्यांनी ३४. दुसऱ्या प्रयोगात १५० विद्यार्थी होते. त्यांना आठवड्याने परत बोलावून, काचा फुटलेल्या पाहिल्या का, असे विचारले. चित्रपटात काच फुटलेली नव्हतीच. तरी 'आदळल्या' शब्द ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जणांनी होय म्हटले; 'लागल्या' ऐकलेल्या ५० पैकी ७ जणांनी. एका क्रियापदाने न फुटलेल्या काचा फोडल्या.

हे प्रयोगशाळेतले झाले. गावात ते कसे घडते? वर्गात दोन मुलांची मारामारी झाली आणि शिक्षकाने पहिलाच प्रश्न केला की, 'अमक्याने तुला दगड कसा मारला?' या प्रश्नात दगडही आला आणि मारणाराही आला. आठ वर्षांचे मूल गुरुजींना खोटे कसे पाडणार? कायदा बालकाला साक्षीसाठी अपात्र मानीत नाही. प्रश्न समजण्याची आणि समंजस उत्तर देण्याची कुवत असली म्हणजे पुरे. परंतु बालकाला पढविले गेले आहे का हे न्यायालय डोळ्यांत तेल घालून पाहते, आणि असे पढविणे नेहमीच वाईट हेतूने झालेले असते असे नाही. आई विचारते, शेजारीण विचारते, पोलीस पाटील विचारतात, आणि प्रत्येकाच्या प्रश्नाचा एकेक धागा त्या हकिगतीत विणला जातो. 'काय झाले ते सांग' एवढे विचारून मग गप्प बसणे हे दिसते त्यापेक्षा अवघड काम आहे.

या संदर्भात मराठी वाचकाला जवळचे असे एक उदाहरण आहे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये यज्ञातील दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या वणव्यात सापडले. १८५८ च्या मार्च-एप्रिलात सर ह्यू रोजच्या सैन्याने झांशीला वेढा घालून शहर घेतले, तेव्हा ते आपल्या चुलत्यासह शहरातच होते. लूट, कत्तल, आगी, लपून काढलेले दिवस यांची त्यांनी सांगितलेली हकीगत अशी आहे की, तिच्या तोडीची एतद्देशीय साक्ष त्या घटनेबद्दल क्वचितच सापडते. पुढे काल्पीच्या वाटेवर तहानलेल्या राणीला विहिरीचे पाणी काढून देण्याचा प्रसंगही त्यांच्या स्वतःच्या अनुभवातला. पण त्याच पुस्तकात बंडाच्या कारणांविषयी, इंग्रजांनी धर्म बुडविण्यासाठी केलेल्या चौऱ्यांयशी कलमांविषयी जो मजकूर आहे, तो वाटेत शिपायांकडून आणि लोकांकडून ऐकलेला आहे. माणूस तोच, लेखणी तीच, प्रामाणिकपणाही तोच. परंतु एका भागाचे मोल साक्षीचे आणि दुसऱ्याचे वार्तेचे. वार्तेलाही मोल आहेच : लोक तेव्हा काय मानीत होते, हे तीवरून कळते. पण जे मानले गेले ते घडले होते असे तीवरून ठरत नाही.

शिवाय ही हकीगत लिहिली गेली ती सुमारे पंचवीस वर्षांनी. आणि १९०७ मध्ये ती चिंतामण विनायक वैद्य यांनी 'माझा प्रवास' म्हणून प्रसिद्ध केली तेव्हा भाषेची डागडुजी आणि काटछाट करूनच. मूळ हस्तलिखितावरची आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी सिद्ध केली ती १९६६ मध्ये. म्हणजे जवळजवळ साठ वर्षे मराठी वाचक साक्षीदाराचा आवाज दुसऱ्याच्या लेखणीतून ऐकत होता. वैद्यांचा हेतू चांगलाच होता. त्यांच्याचमुळे ही साक्ष लिहिली गेली आणि जगली. पण जबाब नोंदविणाऱ्याच्या हातून काय होऊ शकते, याचा हा वस्तुपाठ आहे.

पोलीस ठाण्यात हेच रोज होते, आणि तेथे पोतदार येत नाहीत. शेतकरी सांगतो, 'कासराभर दिवस वर आला होता, आन् हाकेच्या अंतरावर भांडण चाललं होतं.' लिहिणारा लिहितो, 'सकाळी ७ वाजून ३० मिनिटांच्या सुमारास मी घटनास्थळापासून अंदाजे १०० मीटर अंतरावर असताना'. शेतकऱ्याने ना घड्याळ पाहिले होते ना टेप लावली होती. तीन-चार वर्षांनी सत्र न्यायालयात सरतपासणी आटोपते आणि बचावाचे वकील उठून विचारतात, 'शंभर मीटर म्हणजे किती फूट?' तो गोंधळतो. आपण कधी मीटर म्हणालोच नव्हतो हे त्याला सांगता येत नाही, आणि साक्ष 'विसंगत' ठरते. पोलिसांपुढच्या जबाबावर साक्षीदाराची सही घेऊ नये असा कायदाच आहे. ते संरक्षण योग्यच आहे, पण त्यामुळे लिहिलेले त्याने वाचून पाहिले असेल असे धरून चालता येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने असा जबाब दृक्-श्राव्य साधनांनीही नोंदविण्याची मुभा ठेवली आहे. दिवेलागण, गाई परतण्याची वेळ, पहिला कोंबडा हे शब्द जसेच्या तसे कागदावर उतरले तर बिघडते कोठे? ज्या न्यायाधीशाला ते समजत नाहीत त्याने अर्थ विचारावा.

वरिष्ठ न्यायालयांनी या बाबतीत ग्रामीण साक्षीदाराची कड घेतली आहे, हे मुद्दाम नोंदविले पाहिजे. १९८३ मध्ये भरवाडा भोगिनभाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, साक्षीदाराची स्मृती छायाचित्रासारखी असावी अशी अपेक्षा धरता येत नाही. वेळ आणि अंतर माणसे अदमासानेच सांगतात. भरलेल्या न्यायालयात, दरडावणाऱ्या उलटतपासणीपुढे, भोळा माणूस बावरतो. किरकोळ तपशिलातील फरकाने साक्षीचा गाभा ढळत नाही. त्याच वर्षी राणा प्रताप प्रकरणात न्यायालयाने आणखी एक भ्रम दूर केला. डोळ्यांसमोर खून पाहून प्रत्येकजण सारखाच वागत नाही. कोणी ओरडतो, कोणी मदतीला धावतो, कोणी जागच्या जागी थिजतो, कोणी घरी जाऊन दार लावून घेतो. 'मग तू मध्ये का पडला नाहीस?' या प्रश्नाने साक्ष खोटी ठरत नाही. आणि नातेवाईक? मयताचा भाऊ आहे म्हणून त्याचे सांगणे टाकून द्यावे का? १९५३ च्या दलीपसिंग प्रकरणात न्यायमूर्ती विवियन बोस यांनी याचे उत्तर दिले : जवळचा नातलग हा खऱ्या गुन्हेगाराला सोडून भलत्यालाच गुंतविणारा सहसा नसतो. मात्र जुने वैर असेल तर खऱ्या गुन्हेगाराबरोबर वैऱ्याचेही नाव घालण्याचा मोह होतो. भाऊबंदकीच्या भांडणांतील फिर्यादी ज्यांनी वाचल्या असतील, त्यांना आरोपींची यादी घरातल्या म्हाताऱ्यापासून मिसरूड न फुटलेल्या पोरापर्यंत का पोहोचते, हे सांगावयास नको. अशा वेळी भारतीय न्यायालये एक भाग खोटा म्हणून सगळेच फेकून देत नाहीत. कोंडा पाखडून दाणा घेतात.

आता महसूल अधिकाऱ्यांच्या वाट्याला येणारी गोष्ट. महाराष्ट्रात ओळख परेड घेण्याचे काम बहुधा तहसीलदार किंवा नायब तहसीलदार यांना कार्यकारी दंडाधिकारी या नात्याने करावे लागते. या परेडीतील ओळख हा स्वतंत्र पुरावा नव्हे. न्यायालयात शपथेवर पटविलेल्या ओळखीला दिलेला तो आधार असतो. पण हा आधार पोकळ निघाला तर वरची इमारत कोसळते. आरोपी सडपातळ आणि त्याच्या शेजारी उभे केलेले सगळे आडव्या अंगाचे. आरोपीच्या गालावर व्रण आणि इतरांचे गाल स्वच्छ. परेडीपूर्वी आरोपीला उघड्या चेहऱ्याने ठाण्याच्या अंगणातून नेलेले आणि साक्षीदार तेथेच बाकावर बसलेला : यांपैकी एक जरी घडले तरी बेकची रांग पुन्हा उभी राहिली म्हणून समजावे. इंग्लंडमध्ये १९७६ साली डेव्हलिन समितीचा अहवाल आला, आणि त्याच वर्षी टर्नबुल खटल्यात न्यायालयाने ओळखीच्या साक्षीची परीक्षा कशी करावी हे घालून दिले. किती वेळ पाहिले, किती अंतरावरून, उजेड कसा होता, मध्ये आडोसा होता का, पूर्वीची ओळख होती का, पाहिल्यानंतर ओळखीपर्यंत किती दिवस गेले, आणि आधी सांगितलेल्या वर्णनाशी प्रत्यक्ष माणूस जुळतो का, हे प्रश्न त्यातले. भारतीय न्यायालयेही हाच विचार करतात. गावातल्या माणसाने गावातल्याच माणसाला चांदण्यात, चालीवरून आणि आवाजावरून ओळखणे वेगळे, आणि परक्या दरोडेखोराला कंदिलाच्या उजेडात एकदा पाहून ओळखणे वेगळे.

जेथे साक्षीला वस्तूची जोड मिळते तेथे प्रश्न सुटतो. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर झालेल्या हल्ल्याच्या खटल्यात जखमींच्या व प्रवाशांच्या साक्षी होत्याच; त्यांच्या जोडीला वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांनी जीव धोक्यात घालून टिपलेली छायाचित्रे होती, आणि ती टिपणारे स्वतः न्यायालयात उभे राहिले. २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्या छायाचित्रांना मोठे महत्त्व दिले. छायाचित्रालाही शेवटी 'हे येथे, तेव्हा, मीच काढले' असे सांगणारा माणूस लागतोच.

पंचांविषयी बोलल्यावाचून हा विषय पुरा होत नाही, कारण ऐकणाऱ्यांपैकी अनेकांनी आयुष्यात एकदा तरी पंचनाम्यावर सही केलेली असेल. पंच हाही प्रत्यक्षदर्शी साक्षीदारच. गुन्ह्याचा नव्हे, तर तपासातील एका कृतीचा. कोयता गोठ्याच्या वळचणीतून निघाला की ठाण्याच्या कपाटातून, हे सांगू शकणारा तो एकटाच तटस्थ माणूस. आणि नेमकी हीच साक्ष सर्वांत स्वस्त झाली आहे. चहा पिता पिता, आधीच लिहून ठेवलेल्या कागदावर सही होते. पुढे न्यायालयात पंच सांगतो, 'माझी सही आहे, मजकूर ठाऊक नाही.' खटला पडतो, सुटलेला आरोपी गावात मिरवतो आणि लोक न्यायालयाला बोल लावतात. नव्या संहितेने झडती आणि जप्तीचे दृक्-श्राव्य चित्रण आवश्यक केले आहे. त्यामुळे हा प्रकार कमी होईल. पण चित्रणात उभा असलेला पंच खरोखर पाहतो आहे की भ्रमणध्वनीवर बोलतो आहे, हेही आता दिसेल.

राहिला तो साक्षीदार, जो पाहतो, त्याला आठवतेही, आणि तरी बोलत नाही. किंवा ठाण्यात बोलतो आणि न्यायालयात फिरतो. त्याला 'फितूर' म्हणण्याची रीत आहे. शब्द कठोर आहे, आणि पुष्कळदा अन्याय करणारा. आरोपी त्याच गावचा, त्याची शेतजमीन बांधाला बांध लागून, विहिरीचे पाळीपाळीने पाणी, सोसायटीत त्याचेच वजन. अशा वेळी सत्याची किंमत सरकार देत नाही, साक्षीदाराचे घर देते. २००० साली स्वर्णसिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदारांच्या हालांचे जे वर्णन केले आहे, ते वाचताना मान खाली जाते : लांबून यावयाचे, दिवसभर ताटकळायचे, तहकुबी झाली की परत जायचे, आणि भत्त्यासाठी पुन्हा खेटे. महाराष्ट्राने २०१७ मध्ये साक्षीदार संरक्षणाचा कायदा केला. २०१८ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी साक्षीदार संरक्षण योजना मान्य केली, आणि नव्या संहितेने अशी योजना करणे प्रत्येक राज्यावर बंधनकारक केले. धोका असलेल्या साक्षीदाराला त्यासाठी अर्ज करावा लागतो. पण अर्ज करता येतो हे त्याला सांगणार कोण? पोलीस पाटील आणि सरपंच यांच्याखेरीज गावात तसे कोणी नाही. अपघातग्रस्ताला रुग्णालयात नेणाऱ्यालाही आता आपले नाव सांगण्याची वा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. २०१६ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती होऊन त्याला संरक्षण मिळाले. हे माहीत नसल्यामुळे महामार्गावर आजही माणसे खिडकीची काच वर करून पुढे निघून जातात.

फौजदारी प्रक्रियेत एक तरतूद जुन्या कलम ३०९ मध्ये होती आणि नव्या संहितेतही आहे : साक्षीदार हजर असताना, त्यांची तपासणी न करता, खास कारण लिहून ठेवल्याखेरीज तहकुबी देऊ नये. एका ओळीची तरतूद. तालुक्याच्या न्यायालयाच्या व्हरांड्यात सकाळपासून भाकरीचे फडके मांडीवर घेऊन बसलेल्या म्हातारीला तिची माहिती नसते. साडेचार वाजता शिपाई बाहेर येऊन पुढची तारीख सांगतो. ती समन्सचा कागद चार घड्या करून पदराच्या गाठीला बांधते आणि शेवटची एस.टी. गाठण्यासाठी निघते. जे तिने पाहिले, ते पुढच्या तारखेपर्यंत तिला आठवत ठेवायचे असते.